न आलेल्यांच्या कुंदाताई

कुंदाताई शिरसाटांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या गल्लीत फुटक्या काचांच्या खचात उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी पोरांचं एक टोळकं कोयते घेऊन मोशीतल्या आमच्या गल्लीतून गेलं होतं. त्यांचं कुणाशी वैर नव्हतं, ती कुणाला शोधत नव्हती. गल्ली आपली आहे एवढंच त्यांना दाखवायचं होतं. रिक्षांच्या काचा, टेम्पोचे दिवे, दुधवाल्याचे कॅन, समोर येईल त्यावर कोयता. माझ्या स्कूटरची सीट मधोमध फाडली. ‘अरे पोरांनो, काय लावलंय’ म्हणत पुढे झालेल्या इस्त्रीवाल्या काकांच्या दंडावर वार बसला आणि रक्त घडी करून ठेवलेल्या कपड्यांवर उडालं. त्यातला एक शर्ट माझा होता. तो डाग पुढे निघाला नाही.

सकाळी पोलीस आले, पुढारी आले, मोबाइल रोखून वार्ताहर आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, ‘कोण कोण होतं?’ आणि सगळ्यांना गल्लीचं उत्तरही एकच, ‘तोंडाला रुमाल होते साहेब.’ या गर्दीत खांद्याला कापडी पिशवी लावलेली, बुटकी, पन्नाशीकडे झुकलेली एक बाई होती. अंगात साधा सलवार-कुडता आणि पायात कंपनीतले कामगार घालतात ते लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट. ती रिक्षावाल्याला शांतपणे विचारत होती, ‘यात कोण नव्हतं?’

आई दारातून ऐकत होती. ती मला म्हणाली, ‘ही बया काय इचारतीया? जे न्हवतंच त्याचं काय करायचं हाय हिला?’ बाईंचे कान तिखट होते. त्या वळून म्हणाल्या, ‘आजी, परवापर्यंत जो यांच्यात फिरत होता आणि काल आला नाही, असा एखादा असतोच. तो का आला नाही हे त्याला विचारलं तर काहीतरी हाती लागेल. जे आले होते ते तर काय, शौर्यच सांगतील.’ आईनं त्यांना चहा दिला. पटलं म्हणून दिला असं समजायचं कारण नाही. आमच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला चहा मिळतोच.

मी त्या काळात रिकामा होतो. चाकणकडच्या ज्या लहान कंपनीत सुपरवायझर होतो ती बंद पडली होती. कुंदाताईंनी माझ्या वाढलेल्या दाढीकडे, मग फाटलेल्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘मोशीकर, गाडी दुरुस्त झाली की या. मला गाडी चालवता येत नाही आणि तुम्हाला काम दिसत नाही.’ असं माझं त्यांच्याकडे काम सुरू झालं. पुढची काही वर्षं त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मोशीकरच.

त्यांचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड जाई. पोरं टोळ्यांच्या नादी लागू नयेत म्हणून आमच्या पट्ट्यात कुणी व्यायामशाळा काढतं, कुणी वेल्डिंगचे वर्ग, कुणी समुपदेशन, कुणी क्रिकेटच्या स्पर्धा. पैसा बहुतेक वेळा एखाद्या कंपनीचा असतो. त्या सगळ्यानं खरंच काही फरक पडतो का, हे तपासून सांगणं हे कुंदाताईंचं काम. चालवणाऱ्यांना त्यांच्याकडून शाबासकी हवी असे, पैसे देणाऱ्यांना रंगीत अहवाल. बाई दोघांनाही नाराज करत. एका व्यायामशाळेत घाम गाळणारी पोरं कौतुकानं दाखवणाऱ्या संयोजकाला त्या माझ्यासमोर म्हणाल्या, ‘आलेल्यांचं कौतुक तुम्ही करताच आहात. न आलेला कुठंय?’

त्याला शोधायची त्यांची रीत साधी होती. केंद्रातल्या प्रत्येक पोराला त्या बाजूला घेऊन बसत. तुझा काय फायदा झाला वगैरे काही विचारत नसत. ‘पहिल्या दिवशी तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. पोरगं हसत कुणाचं तरी नाव सांगे. ‘तो आज कुठंय?’ हा दुसरा. इथं पोरगं हसायचं थांबे. मग आम्ही स्कूटरवरून त्या दुसऱ्याला शोधत निघायचो. तो कधी एखाद्या टपरीमागं सापडे, कधी येरवड्यात असल्याचं कळे. एकदा एका घरी आम्ही गेलो तर आईनं आत बोलावलं, पाणी दिलं आणि हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. त्याच्याच दोस्तांनी पार्किंगमध्ये डोक्यात सिमेंटचा ब्लॉक घातला होता. ज्या केंद्रात तो पहिले चार दिवस गेला होता, तिथून त्या माउलीकडे कुणी फिरकलं नव्हतं. परत येताना मी शिव्या देत गाडी चालवत होतो. कुंदाताई मागून म्हणाल्या, ‘शिव्या द्या, पण ब्रेक दाबून द्या.’

त्यांच्या भावाची गोष्ट मला त्याच रस्त्यावर कळली. आम्ही ट्रकच्या रांगेत अडकलो होतो. एरवी घरचं काही न बोलणारी ही बाई एकदम म्हणाली, ‘माझा भाऊ एका अहवालात सुधारलेला आहे.’ मला वाटलं, थट्टा करतायत. वडील पिंपरीतल्या कंपनीत कामगार, कॉलनीतलं शिस्तीचं घर, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. भाऊ धाकटा, अंगानं दणकट. एका संस्थेच्या बॉक्सिंगच्या वर्गाला जायला लागला, तेव्हा ग्लोव्हज घातलेला त्याचा फोटो अहवालाच्या पहिल्या पानावर छापून आला. पुढं प्रशिक्षक चारचौघांत काहीतरी लागेल असं बोलला आणि त्यानं जाणं सोडलं. कुणी विचारायला आलं नाही. वर्षभरानं त्यानं शेजारच्या चाळीतल्या पोराला भर बाजारात भोसकलं. ‘तो जन्मठेपेत आहे आणि त्याचा फोटो अजून त्या संस्थेच्या भिंतीवर आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मी जाऊन बघून आले. छान आलाय.’ मग ट्रक हलला, आणि त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही.

कुरुळीच्या टोकाला एका पत्र्याच्या शेडमध्ये जे केंद्र होतं, तिथं आम्ही गेलो ते या सगळ्यानंतर. केंद्र चालवणारे साळुंके सर म्हणजे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला साताऱ्याकडचा माणूस. आवाज मैदानावरचा, मन लोण्याचं. पोरांना वेल्डिंग शिकवायचं, दोन वेळा व्यायाम करून घ्यायचा आणि ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चिकटवून द्यायचं. टोळी सोडून आलेलं पोरगं आपला कोयता सरांच्या हवाली करी. सर तो कोपऱ्यातल्या तेलाच्या पिंपात टाकत आणि पिंप भरलं की पोलिसांकडे नेऊन देत. कुंदाताईंना हा माणूस आवडला होता. तो आवडला हे लपवायला त्या त्याच्याशी जरा जास्तच कडक वागत.

केंद्राचा सगळ्यांत गुणी पोरगा म्हणजे अविनाश, सगळ्यांचा अव्या. मूळचा परभणीकडचा, बाप कंपनीत लोडिंगला, आई डबे करणारी. एकोणिसाव्या वर्षापर्यंत त्यानं जे केलं होतं ते मी इथं सगळं सांगत नाही. त्याच्या कोयत्यानं एका पोराचा कान गेला होता, एवढं पुरे. कुंदाताईंनी त्याला, ‘का सोडलंस?’ असं विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, ‘गाड्या फोडायलो होतो ताई. एक लेकरू मधी आलं, शाळंच्या ड्रेसात. माझ्याकडं बघितलं अन् तिथंच मुतलं. त्या दिसापून हातात कोयता धरवंना.’ त्याच्या हाताला वेल्डिंगची विलक्षण सफाई होती. एका वर्कशॉपवाल्यानं त्याला पुढच्या महिन्यापासून बोलावलंही होतं.

‘पहिल्या दिवशी तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?’

‘पप्या,’ अव्या म्हणाला. ‘आम्ही दोघं संगच आलतो. दुसऱ्या दिवशी तो नाही आला.’

पप्या महाळुंग्याचा. चहूबाजूंनी कंपन्या उठल्या आणि गावची जमीन गेली, त्या जुन्या घरांपैकी एकातला. अठराला थोडा कमी. रस्त्याकडेच्या एका बंद पडलेल्या वजनकाट्यावर, जिथं पूर्वी ट्रक चढवून वजन करायचे, त्या लोखंडी पत्र्यावर तो आणखी दोघांबरोबर बसलेला सापडला. मी गाडी थांबवताच त्यातल्या एकानं उठून माझ्या गळ्याला हात घातला आणि दुसऱ्यानं शर्टाखालून कोयता काढून तो माझ्या पोटाला लावला. पातं त्याच्या अंगाच्या उबेनं कोमट झालेलं होतं, हे मला आजही आठवतं. कुंदाताई गाडीवरून उतरल्या आणि कोयत्यावाल्याला म्हणाल्या, ‘अरे, त्याला सोड, मला परत घरी न्यायला तोच आहे. मी पप्याकडं आलेय.’ पप्यानं हातानं खूण केली तेव्हा मी सुटलो.

कुंदाताई त्या पत्र्यावर, पप्याच्या शेजारी, बूट घातलेले पाय खाली सोडून बसल्या. तू येत जा असं काही म्हणाल्या नाहीत. का आला नाहीस, एवढंच विचारलं. पप्या म्हणाला, ‘आमी गेलो व्हतो की. त्या सरांनी लायनीत उभं केलं अन् हात म्होरं करा म्हणले. नखं बघत्यात जणू. माज्या हातावर भाईचं नाव गोंदल्यालं हाय. समदी बघाया लागली, एकजण हसला. मंग न्हाई गेलो.’ साळुंके सरांची फौजेतली सवय. त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. पण त्या एका सवयीनं एक पोरगं दारातून परत गेलं होतं, आणि हे केंद्रातल्या एकालाही माहीत नव्हतं.

निघताना पप्या आपणहून म्हणाला, ‘अव्याचं चांगलं झालं. पन तो गपचीप गेला म्हणून भाई बी गप हाय. त्याला बोर्डावर चढवू नका. भाईची इज्जत गेली की भाई आमाला सांगणार, अन् सांगितल्यावर न्हाई म्हणता येत न्हाई.’

‘तुला सांगितलं तर?’ कुंदाताईंनी विचारलं.

‘मला बी,’ तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

बोर्ड म्हणजे फ्लेक्स. आमच्याकडे पोरगं दहावी पास झालं, कुणाचा वाढदिवस आला, कुणी जामिनावर सुटलं, तरी चौकात त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागतो. खाली शुभेच्छा देणाऱ्यांच्या तोंडांच्या रांगा. भाईचा वाढदिवस तर विचारू नका, केकसुद्धा कोयत्यानं कापतात. त्यामुळे टोळी सोडलेल्या पोरांचा चौकात सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि मोठा फ्लेक्स लावायचा, हे साळुंके सरांना अगदी सरळ वाटत होतं. ‘गुंडांचे फोटो लागतात मॅडम, मग सुधारलेल्यांचे का नकोत? पोरांच्या आयांना किती बरं वाटेल.’ यात खोटं काही नव्हतं. अव्याच्या आईनं सत्कारासाठी नवी साडी काढून ठेवली होती.

कुंदाताईंनी त्यांना पप्याचं सगळं बोलणं सांगितलं, हात पुढे करायला लावल्याचंसुद्धा. तो धिप्पाड माणूस खुर्चीत एकदम लहान दिसायला लागला. ‘मला सांगितलं का नाही पोरानं,’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सत्कार रद्द झाला, फ्लेक्स रद्द झाला. आम्ही सगळे सुटलो असं मला वाटलं.

पण फ्लेक्ससाठी काढलेले फोटो आधीच छपाईवाल्याकडे गेलेले होते, आणि छपाईवाला निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या एका स्थानिक भाऊंचा माणूस होता. फुकटचं पुण्य कोण सोडतं? एके दिवशी दुपारी पाहतो तर केंद्राजवळच्या चौकात भला मोठा फ्लेक्स. भाऊंचा हात जोडलेला फोटो अर्ध्या फ्लेक्सभर, ‘ज्यांच्या प्रेरणेने तरुणांनी कोयता सोडला’ अशी मोठी अक्षरं, आणि खाली रांगेत आमची पोरं. सगळ्यांत पहिला अव्या, हसणारा.

आम्ही पोचलो तेव्हा अव्या फ्लेक्सखाली उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता. पहिल्या शिफ्टचे कामगार सुटून बसची वाट बघत होते, चौक माणसांनी भरलेला होता. कुंदाताई म्हणाल्या, ‘अविनाश, हे आत्ताच्या आत्ता उतरवायचं.’ त्याचा चेहरा पडला. ‘ताई, जन्मात पहिल्यांदा बोर्डावर आलोय. आईला तर येऊ द्या की बघायला.’ ‘आई आली तर तिच्यादेखत होईल,’ त्या म्हणाल्या. त्याला कळलं. पण हात लावायला दुसरं कुणी तयार नव्हतं; भाऊंचा फोटो खाली पाडायची हिंमत कोण करणार. सरांना फोन केला तर ते चाकणला गेलेले, निघालो म्हणाले. तारांनी आवळून बांधलेला फ्लेक्स नुसत्या हातानं निघेना. अव्या धावत शेडकडे गेला आणि पिंपातून कोयता घेऊन आला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. उभ्या टेम्पोवर चढून त्यानं तारा तोडल्या आणि फ्लेक्स पालथा खाली आला. अव्यानं उडी मारली, कोयता जमिनीवर ठेवला आणि फ्लेक्सची गुंडाळी करायला वाकला.

तेवढ्यात मोटारसायकली आल्या. पुढचं सगळं फार थोड्या वेळात झालं आणि मला ते फार हळू झालेलं आठवतं. रुमाल बांधलेली पोरं उतरली, येता येताच त्यांनी एका रिक्षाची काच उडवली, केळीवाल्याचा गाडा उलटा केला. माणसं पांगली. अव्यानं वळून पाहिलं आणि त्याचा हात आपसूक खाली ठेवलेल्या कोयत्याकडे गेला. कुंदाताई त्याच्यापेक्षा जवळ होत्या. त्यांनी आपला बुटाचा पाय त्या कोयत्यावर ठेवला.

‘ताई, पाय काढा.’

‘नाही.’

‘ताई, मारतील हो मला. पाय काढा.’

‘हा उचललास तर तू परत येणार नाहीस,’ त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. अव्या त्यांच्या बुटाला धडका देत होता, त्यांची पोटरी धरून ओढत होता, आणि पाय हलत नव्हता. पहिला वार त्याच्या डोक्यावर येणारा होता, तो त्यानं हातावर घेतला. दोन बोटं गेली. ती गेलेली मी पाहिली. दुसरा वार त्याच्या मानेवर येत होता, तेव्हा कुंदाताई मध्ये वाकल्या आणि तो त्यांच्या उजव्या खांद्यात रुतला. मारणाऱ्याची बाही वर सरकली होती आणि त्याच्या हातावर गोंदलेलं नाव दिसत होतं. त्या खाली बसल्या, पण कोयत्यावरचा पाय तसाच होता.

मी काय केलं? मी स्कूटरचा हॉर्न दाबून धरला. का, ते मला सांगता येणार नाही. पण तो ऐकून टेम्पोवाल्यानंही हॉर्न दाबला, मग बसवाल्यानं, आणि अख्खा चौक कोकलायला लागला. कामगार परत फिरले, कुणीतरी दगड उचलला. पोरं गाड्यांवर बसून पळाली. पप्या शेवटी बसला. जाताना तो कुंदाताईंकडे बघत होता.

दवाखान्यात अव्याची आई माझ्या छातीवर मुठी मारत रडली. काही दिवसांनी अव्या कुंदाताईंच्या खाटेपाशी आला. आपल्या बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाला, ‘तुम्ही पाय काढला असता तर माझी बोटं राहिली असती.’

‘हो,’ कुंदाताई म्हणाल्या.

मला त्या ‘हो’चा भयंकर राग आला. निदान ‘पण’ तरी म्हणावं, दोन शब्द समजुतीचे सांगावेत. त्यांनी काही सांगितलं नाही. अव्या पाठ फिरवून निघून गेला, आणि कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. तो पुन्हा टोळीत जाणार, बदला घेणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्याच्या हातून त्या दिवशी एकही वार झालेला नसल्यामुळे पोलिसांनी त्याला फक्त साक्षीदार केलं. हे त्याला कळायला वेळ लागला. वर्कशॉपवाल्यानं त्याची जागा राखून ठेवली होती; उरलेल्या बोटांनी होल्डर धरायला तो नव्यानं शिकला. मग एक दिवस पगाराचे पेढे घेऊन कुंदाताईंच्या दारात उभा राहिला. ‘राग गेला नाही ताई,’ म्हणाला. ‘नको जाऊ दे,’ त्या म्हणाल्या, ‘पेढे आण इकडे.’

केंद्राला पैसे देणाऱ्या कंपनीला मात्र ते नकोसं झालं. बैठकीत साहेब म्हणाले, ‘मॅडम, आम्हाला सक्सेस स्टोरी हवी होती, आणि हे रक्त छापून आलं.’ कुंदाताईंचा उजवा हात तेव्हा गळ्यात होता, तो पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही. त्यांनी विचारलं, ‘तुमच्याकडे रिजेक्ट झालेला माल कुणी बघतं का?’ साहेब म्हणाले, अर्थात, ते तर आधी बघतो. ‘मग इथं का नाही?’ अहवाल त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. जे टिकतात त्यांच्यासाठी हे केंद्र चांगलं काम करतं. जे दारातून परत जातात त्यांच्यामागं इथून कुणी जात नाही. आणि कुणाचंही तोंड फ्लेक्सवर लावणं म्हणजे त्याचा पत्ता देणं आहे. शेवटी एकच शिफारस होती, केंद्र चालू ठेवा. कंपनीनं कसंबसं एक वर्ष ओढलं. पुढं साळुंके सरांनी वर्कशॉपवाल्यांच्या मदतीनं ते चालवलं. आता तिथं कुणाचे हात तपासत नाहीत, आणि दर आठवड्याला एकजण न आलेल्यांच्या घरी जाऊन येतो.

पप्या वयानं लहान म्हणून निरीक्षणगृहात गेला आणि यथावकाश सुटून महाळुंग्याला परत आला. कुंदाताई त्याच्या घरी जायच्या. मला नेता का म्हणून विचारायच्या आणि मी आदळआपट करत न्यायचो. एकदा मी बोललोच, ‘ज्यानं तुमचा हात निकामी केला त्याच्या दारात काय म्हणून जायचं?’ ‘हात माझा आहे मोशीकर, राग तुम्हाला कशाला?’ पप्या आतल्या खोलीत बसून राहायचा, बाहेर यायचा नाही. त्याची आजी ओशाळून चहा द्यायची. अर्धा-पाऊण तास बसून बाई उठायच्या, आणि गाडीवर बसताना म्हणायच्या, ‘आज नाही आला. ठीक आहे.’ मला वाटायचं, हा पोरगा आत बसून हसत असणार. एकदा आजीनं सांगितलं की ताई येऊन गेल्या की तो दिवसभर जेवत नाही. त्यानंतर मी आदळआपट बंद केली.

गेल्या वर्षी एका सकाळी घरातच त्यांचं हृदय थांबलं. टोळ्या, कोयते, वार, कशाचाच संबंध नव्हता. चारचौघांसारख्या गेल्या. मला फार एकटं वाटलं. त्यांना मागं बसवून शिव्या देत फिरण्याची इतकी सवय झाली होती की काही दिवस मी विनाकारण स्कूटर घेऊन चाकणच्या रस्त्यावर जाऊन येत असे.

पिंपरीतल्या विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं दारापर्यंत बसली होती. साळुंके सर बोलायला उभे राहिले आणि रडून खाली बसले. चौकातल्या फ्लेक्सवाले भाऊसुद्धा आले होते. ताईंचा श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स करू, खर्च माझ्याकडे, असं म्हणाले. अव्यानं त्यांना तीन बोटांचा हात जोडून सांगितलं, ‘नको साहेब. ताईला बोर्ड चालायचा नाही.’

मग तो माझ्या शेजारी येऊन बसला. वंदना संपली, मेणबत्त्या लागल्या, लोक एकेक करून ताईंबद्दल चांगलं बोलत होते. अव्याचं तिकडे लक्ष नव्हतं. तो रांगांवरून नजर फिरवत होता, एकदा पुढून मागं, मग मागून पुढं. शेवटी माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, ‘काका, न आलेला कुठंय?’

मी उठलो. स्कूटर काढली आणि आम्ही महाळुंग्याला गेलो. पप्या त्याच वजनकाट्यावर बसला होता, एकटा, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हणजे तो निघाला होता आणि इथपर्यंतच आला होता. त्यानं आम्हाला पाहिलं, अव्याच्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

‘कुठल्या तोंडानं येऊ?’ तो म्हणाला.

मी गाडीजवळच थांबलो. अव्या पुढं गेला. मग त्यानं त्या तापलेल्या पत्र्यावरची धूळ हातानं झटकली.

‘सरक थोडं,’ अव्या म्हणाला, आणि त्याच्या शेजारी बसला.